उंबऱ्याबाहेरची बॉलिंग

१८ जानेवारी २०१२, बुधवार (छापलाय सोमवार)

ही डायरी गिरणीने १९८२च्या एक जानेवारीला दिली होती. निळं रेक्झिन, आत गिरणीच्या धुराच्या चिमणीचं चित्र. शांता आज रद्दीत घालत होती, मी हिसकावून घेतली. पहिली सतरा पानं भरलेली, पुढची सगळी कोरी. सतरा जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : 'उद्यापासून संप. आठ दिवसांत मिटेल. आनंदाला सांगितलं, मी आहे, घाबरू नकोस.'

डोंबल मिटेल. आज तीस वर्षं झाली. सकाळी भोईवाड्याच्या नाक्यावर आम्ही अकरा म्हातारे जमलो, संपाच्या पुढाऱ्याच्या फोटोला हार घातला, घोषणा दिल्या, चहा प्यालो. कानात वायर घातलेली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "काका, कोणाची जयंती आहे?" मी म्हटलं, "जयंती नाही, आमचं श्राद्ध आहे." ती सॉरी म्हणून निघून गेली.

कोरी पानं फुकट घालवायला जिवावर येतं. वार खोडून इथूनच पुढे लिहितोय.

आनंदा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. आठ वर्षांनी लहान. कणकवलीहून मी आणला, मीच साचेखात्यात विणकर म्हणून लावला. मी फोल्डिंग खात्यात कापड तपासायचो. संपाच्या सतराव्या महिन्यात हा पठ्ठ्या पोलिसांच्या गाडीत बसून मागच्या गेटने कामावर गेला. मी पुढच्या गेटवर उभा होतो, डोळ्यांनी बघितला. संध्याकाळी चाळीच्या चौकात सगळ्यांसमोर मी शपथ घेतली, ह्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, ह्याच्या घरचं पाणी पिणार नाही. बकुळाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तेव्हा सातवा महिना होता, असं सगळे मला सांगायचे. संपात काय बायकांचे महिने थांबतात? सगळ्यांच्याच घरी काही ना काही होतं.

तो अठ्ठावीस नंबरमध्ये, मी सत्तावीसमध्ये. गॅलरी एकच. जवळजवळ तीस वर्षं एका शब्दाने बोललो नाही. गिरणी पुढे बंदच पडली, तोही माझ्यासारखाच रस्त्यावर आला. मी दादरला साड्यांच्या दुकानात घड्या घातल्या, त्याने काय केलं ते मी विचारलं नाही.

दिवाळीत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. थोडी परत येतेय म्हणतात.

२० जानेवारी, शुक्रवार

बाजूच्या खोलीतून दिवसभर क्रिकेटचा आवाज. आधी वाटलं मॅच आहे. मॅच नाही, गेम आहे. आनंदाचा मुलगा शिवा, वय अठ्ठावीस, कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करतो, त्याने आपलं जुनं व्हिडीओ गेमचं मशीन बापाला लावून दिलंय. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणे, की उजवी बोटं सारखी हलती ठेवा.

साचे चालवणाऱ्या हातात आता खेळणं. बघवत नाही. खिडकीतून दिसतं म्हणून बघितलं.

२२ जानेवारी, रविवार

बकुळाने शांताच्या हाती निरोप पाठवला. आनंदाला मशीनशी खेळायचा कंटाळा आलाय. मशीन कायम जिंकतं, तो चिडून हातातला बटणांचा पॅड फेकतो, दोन दिवस बोटं हलवलेली नाहीत. समोर माणूस हवा. शिवा दिवसा झोपतो, बकुळाला बॉल कुठला नि बॅट कुठली ते कळत नाही.

मी म्हटलं, "माझा काय संबंध? मी त्याच्या घरात पाय ठेवणार नाही, जगाला ठाऊक आहे."

शांता म्हणाली, "पाय ठेवूक कोण सांगता तुमका? बिनवायरीचो पॅड येता म्हणे. तो घेवन तुम्ही आपल्या दारात बसा, गॅलरीत. खिडकीतसून टीव्ही दिसता."

"मग घ्या म्हणावं. मला कशाला विचारता?"

"आनंदा भावोजी म्हणतत, दादान तपासून पास केल्यान तरच घेवया. बाजारात डुप्लिकेट माल चिकार."

एवढं खरं बोलला. गिरणीत माझ्या टेबलावरून डागी कापड कधी पुढे गेलं नाही, हे तो विसरलेला नाही. पॅड तपासून देईन म्हणालो. खेळायचं नंतर बघू. मला काही हौस नाही.

२३ जानेवारी, सोमवार

आधी घ्यायची गरज आहे का, ते बघितलं. मशीनबरोबरच्या पॅडची वायर सहा फूट. टीव्ही त्यांच्या मागच्या भिंतीला. माझी खुर्ची माझ्या उंबऱ्याला लागून ठेवली, तर तिथून टीव्हीपर्यंत साडेबारा फूट. शांताने टेपचं एक टोक खिडकीतून बकुळाकडे दिलं, तिने ते टीव्हीला लावलं. म्हणजे वायरवाला चालणार नाही, बिनवायरीचाच हवा.

खुर्ची थोडी डावीकडे घेतली तर पडद्याचा कोपरा कापला जात नाही. बकुळाने खिडकीचा पडदा काढूनच टाकलाय. उकडत असेल. जानेवारीत कसलं उकडतं देव जाणे.

२५ जानेवारी, बुधवार

लॅमिंग्टन रोडला गेलो. चार दुकानं फिरून रामजी नावाच्या माणसाकडे थांबलो. जिन्याखालचं दुकान, माणूस पन्नाशीचा, तोंडाने गोड.

मी म्हटलं, "वायरलेस दाखव. खराब माल दिलास तर परत येऊन भांडेन."

"पहले माल देखो काका, फिर भांडो."

वायरवाला दीडशे, बिनवायरीचा साडेसहाशे. म्हटलं, "वायर नाही म्हणजे माल कमी. मग भाव जास्त कसा?"

"वायर नहीं है, उसी का तो पैसा है."

बोलण्यात मागे हटला नाही. मला बरं वाटलं.

पहिल्या पॅडचे दोन भाग जिथे जुळतात तिथे नख अडकत होतं. बाजूला ठेवला. दुसऱ्याची डावी दांडी ढिली, मधोमध उभी राहत नव्हती. तोही बाजूला. तिसरा उजेडात नेला. सांधा साफ, सगळी बटणं सारखी दबतात, दाबल्यावर चिकटत नाहीत, मागचं सेलचं झाकण घट्ट. पेन्सिलसारखे बारीक दोन सेल लागतात. बरोबर एक छोटी डबी, ती मशीनला लावायची. दहा मीटर पकडतो म्हणाला. सात दिवसांत परत घेईन, खोका सांभाळा, म्हणाला.

"किसके लिये, पोते के लिये?"

"भावासाठी," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

२७ जानेवारी, शुक्रवार

काल सुट्टी म्हणून शिवा घरी होता, त्याच्यासमोर नको वाटलं. आज लावला. बकुळाने डबी मशीनला खोचली, पॅडवरचा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. मी माझ्या दारात, आनंदा त्याच्या खाटेवर उशीला टेकून. मधे खिडकी.

मी बॉलिंग, तो बॅटिंग. बॉलिंग अशी : पडद्याखाली एक पट्टी येते, तिच्यावर काटा सरकतो, काटा हिरव्यात असताना बटण दाबायचं. पुढे लाल. लालमध्ये गेला की नो बॉल.

पहिल्या षटकात तीन नो बॉल. हात बसला नव्हता. दुसऱ्या षटकात एक. चौथ्या षटकात मी त्याचा मधला दांडा उडवला.

आनंदा हसला. तोंड वाकडं झालंय, पण हसणं तेच आहे, गावी झाडावरून फणस पडला की हसायचा तसं. मी वर बघितलं नाही. पॅड तपासत होतो. ही चाचणी आहे, खेळ नाही, हे मी शांताला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "होय तर, अडीच तास चाचणी."

२८ जानेवारी, शनिवार

आज वीस षटकं. गॅलरीत माणसं जमली होती. दोन बायका डोळे पुसत होत्या. बायकांना रडायला काहीही चालतं.

रात्री झोप नाही. एकोणऐंशी सालची गोष्ट आठवत राहिली. आनंदाच्या साच्यावरचा एक तागा माझ्या टेबलावर आला. अडीच वारात ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटलेला. बाहेरच्या माणसाला दिसलाही नसता. माझ्या बाजूचा माणूस म्हणाला, "भाऊ आहे तुझा, सोड." मी लाल खडू मारला. आनंदाचा पगार कापला गेला, नवं लग्न झालेलं. घरी येताना आम्ही बरोबरच चालत आलो. तो एवढंच म्हणाला, "धागो दिसलो तुका?" मी म्हटलं, "मला सगळं दिसतं."

सगळ्या गिरणीत नाव झालं, की गुणाजी सख्ख्या भावाचंही कापड पास करत नाही.

३० जानेवारी, सोमवार

डाग सापडला.

तीन दिवस संशय होता, आज मोजलं. साठ बॉलमध्ये चौदा नो बॉल. काटा हिरव्यात असताना मी बटण दाबतो, पण पॅड ते उशिरा पोचवतो, तोपर्यंत काटा लालमध्ये. पापणी लवायच्या अर्ध्याएवढा उशीर, जास्त नाही. पण आहे. वायर काढली की हेच होणार, मला आधीच वाटलं होतं. वायरीतून गेलेलं सरळ पोचतं, हवेतून गेलेलं भटकत जातं.

सेल बदलून बघितले. खुर्ची पुढे घेतली. खिडकीचे गज आडवे येतात म्हणून पॅड गजांतून आत धरून बघितला. तोच उशीर.

आणखी एक गोष्ट. माझ्या नो बॉलवर आनंदा बॅटच उचलत नाही. फुकटची रन सोडतो. उजव्या हाताने तेवढं जमत नसेल.

३१ जानेवारी, मंगळवार

शांताशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, उद्या पॅड परत देतो, उद्या सातवा दिवस. ती लाटणं आपटून म्हणाली, "अवो, पोरखेळ तो! एक बॉल चुकलो तर चुकलो. तो माणूस चार दिवस जेवताना हसता. बकुळा सांगत होती, काल आपल्या हातान घास घेतल्यान."

"मला तपासायला सांगितलं. मी तपासला. डाग आहे, मग मी पास कसा करू? असंच सोडून दिलं असतं तर गिरणीत माझी काय किंमत राहिली असती?"

"गिरणी खंय आसा?" शांता म्हणाली. "दाखवा माका. खंय आसा गिरणी?"

मी जेवलो नाही. बायकांना कामाची इज्जत कळत नाही.

१ फेब्रुवारी, बुधवार

परत दिला. रामजीने खोका बघितला, काही न विचारता पैसे मोजून दिले. "उशिरा पोचतो," मी सांगितलं. त्याने पॅड कानाजवळ हलवून बघितला आणि मान हलवली. पंधरा तारखेला नवीन माल येणार आहे, चांगला.

वर आलो तर बकुळा गॅलरीत उभी. माझ्याशी ती डोक्यावर पदर घेऊन दोन शब्द बोलते, तेवढंच.

"परत दिलात, भावोजी?"

"डाग होता."

तिने कठडा धरला. मग म्हणाली, शिवाने खोली विकली. बदलापूरला फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे, संडास घरात आहे, ह्यांना गॅलरीच्या टोकापर्यंत धरून न्यावं लागणार नाही. बारा तारखेला जाणार.

"मला कोणी सांगितलं नाही."

"ह्यांनी सांगू नको म्हटल्यानी. म्हणूनच तर..." आणि आत गेली. बोलणं अर्धं सोडायची तिची सवयच आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची दुकानं पालथी घातली. एकाकडे सीलबंद ओरिजिनल होता, त्याची किंमत ऐकून दुकानाची पायरी उतरलो. दुसऱ्याकडचा हातात घेताच कळलं, रामजीच्या पॅडचाच भाऊ, फक्त रंग वेगळा. पाय सुजले.

संध्याकाळी बकुळाचा निरोप. आनंदाने सांगितलंय, होता तोच पॅड चालेल. नो बॉल तर नो बॉल, परत आणा.

त्याला नेहमीच चालतं. तेव्हाही चाललं. सतरा महिने थांबला होता, आणखी थोडे थांबला असता तर काय मरत होता? पण नाही, मिळेल ते घ्यायचं आणि मागच्या दाराने आत जायचं. मी कळवलं, पंधराला चांगला माल येतोय, घाई करू नका. घाईत घेतलेल्या मालाने कोणाचं भलं केलंय?

तो बाराला जातोय हे माझ्या लक्षात आहे. मी काय वेडा नाही. पण म्हणून डागी माल घ्यायचा?

१२ फेब्रुवारी, रविवार

टेंपो सकाळी नऊला आला. सामान फार नव्हतं. आनंदाला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. जिना त्या टोकाला, म्हणजे माझ्या दारावरून जायलाच हवं. मी दारातच होतो. आत जाऊन बसायचं ठरवलं होतं, पण चष्मा सापडत नव्हता.

आनंदाने डावा हात वर केला. चौघे थांबले. तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. जीभ जड झालीय, पण कळलं.

"दादा, थंय खेळूक येतलंस?"

गॅलरीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पॅड अजून मिळाला नाही. पंधराला नवा माल येतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं. खुर्ची धरलेल्यांनी पकड बदलली. "बरां," म्हणाला.

उतरले. टेंपोचा आवाज गेल्यावर शांता माझ्याशी बोलली नाही. आता सहा वाजलेत, अजून बोललेली नाही. मी काय खोटं बोललो? माल पंधरालाच येणार होता.

१९ फेब्रुवारी, रविवार

अठ्ठावीसला दुसऱ्याचं कुलूप. खिडकी उघडीच राहिलीय. खुर्चीत बसलं की समोर रिकामी भिंत दिसते, टीव्ही होता तिथे चौकोन पांढरा राहिलाय. खुर्ची आत घेतली. मग परत बाहेर ठेवली, आत अडचण होते.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

रामजीकडे गेलो. नवा माल आला होता. म्हटलं, इथेच लावून दाखव, घरी नेऊन फसायचं नाही. त्याच्याकडे टीव्ही आणि मशीन आहे. तोच क्रिकेटचा गेम लावला.

सहा बॉल टाकले, दोन नो बॉल. मी पॅड काउंटरवर ठेवला. "हाही उशिरा पोचतो. काय नवा माल म्हणतोस?"

रामजीने खालून दुसरा पॅड काढून हातात दिला. "अब ये देखो."

सहा टाकले. परत दोन. "हा पण तसलाच."

"काका, नीचे देखो."

बघितलं. पॅडला वायर होती. काळी वायर माझ्या मांडीवरून थेट मशीनपर्यंत गेलेली. मी खेळताना बघितलीच नव्हती.

मी म्हटलं, "मग मशीनमध्ये डाग असेल."

त्याने बिनवायरीचा पॅड उचलला आणि उभ्या उभ्या बारा बॉल टाकले. बाराच्या बारा हिरव्यात. मग पॅड हळू ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "उमर है काका. मेरी भी आयेगी."

पहिल्यापासून त्याला ठाऊक होतं बहुतेक. मला विचारत नाही म्हणून मी त्याला भला समजत होतो, तो मला म्हातारा समजत होता. तोच पॅड घेतला, साडेसहाशेला. भाव केला नाही. सात दिवसांत परत, म्हणाला. मी म्हटलं, कळलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

शांताला फूटपट्टी वरून सोडायला सांगितली, मी खाली दोन बोटांत पकडायची. सहा वेळा सोडली. सहाही वेळा जमिनीवर. गिरणीत धावत्या कापडावर डाग दिसला की पायाने तिथल्या तिथे मशीन थांबवायचो, वीतभर कापड पुढे जात नसे.

"आता पुरे," शांता म्हणाली, आणि पट्टी कपाटावर ठेवली. मग म्हणाली, "जावन येवा बदलापूराक."

"बघू."

"काय बघतलास? डोळे गेले बघून बघून."

२९ फेब्रुवारी, बुधवार

ब्याऐंशी सालात हा दिवस नव्हता, त्यामुळे डायरीत पान नाही. अठ्ठावीसच्या पानावर खाली लिहितोय, जागा पुरली नाही तर समासात.

बदलापूरला गेलो. तिसरा मजला. बेल वाजवली, बकुळाने दार उघडलं, मला बघून पदर डोक्यावर घेतला. "या" म्हणाली नाही. आत गेली, प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दाराबाहेर, पॅसेजमध्ये मांडली. माझ्या उंबऱ्याच्या शपथेसाठी. तीस वर्षांची सवय, तिचं काही चुकलं नाही.

मी बसलो. आतून टीव्हीचा आवाज नव्हता. बसल्या जागेवरून खाटेचा पायथा दिसत होता आणि आनंदाची दोन पावलं, चादरीबाहेर. बाकी आनंदा भिंतीआड. मी पिशवीतून खोका काढला, गुडघ्यावर ठेवला. समोरच्या फ्लॅटची बाई कचरा ठेवायला बाहेर आली, मला बघून दार लावून घेतलं.

"बकुळा, पॅड आणलाय," मी म्हटलं. "चांगला आहे. पास आहे."

ती दारातच उभी राहिली. "मशीन नाय आता, भावोजी. हे हात लावीनत ना त्याका. शिवान गेल्या रविवारी विकून टाकल्यान."

म्हणजे मी चाळीत फूटपट्टी पकडत बसलो होतो त्या दिवशी.

पाच मिनिटं तिथेच बसलो. मग उठलो. उंबरा असा काही नाहीच त्या फ्लॅटला, गुळगुळीत फरशी बाहेरून आत गेलीय. चप्पल काढली आणि आत गेलो. बकुळाने तोंडावर हात ठेवला.

आनंदा उशीला टेकून होता. बारीक झालाय. उजवा हात चादरीवर, बोटं आत वळलेली. माझ्याकडे बघत राहिला.

"कित्याक इलंस?"

"पॅड आणलाय. डाग पॅडमध्ये नव्हता. माझा हात..."

"माका ठावक होता," आनंदा म्हणाला. एकेक शब्द काढायला त्याला वेळ लागत होता, मी थांबलो. "तुझो हात उशिरा येता, ह्या माका पयल्याच दिवशी समाजला. नो बॉलार मी बॅट उचलंय नाय. मी बोललंय काय कोणाक?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"दिसला माका. मी बोललंय काय?"

त्याने डाव्या हाताने खोका मागितला. पॅड बाहेर काढला, उलटा केला, सांध्यावरून नख फिरवलं, एकेक बटण अंगठ्याने दाबून बघितलं. सगळी बटणं. विणकराचा हात आहे, एकही सोडलं नाही. मग परत खोक्यात घातला आणि खोका माझ्याकडे सरकवला.

"बरो आसा," म्हणाला. "परत दी. आता माका नको." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, अडुसष्टाव्या वर्षी. खाटेच्या कडेला बसलो. तहान लागली होती. बकुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी, पण पाणी आणीना. तिला कसं सुचणार? मी तिच्या घरचं पाणी पीत नाही हे ती शिवा पोटात असल्यापासून ऐकतेय.

"बकुळा," मी म्हटलं, "पाणी दे."

तिने शिवाकडे बघितलं. तो आतल्या खोलीतून झोपेतून उठून आला होता. मग तिने तांब्या-भांडं आणलं. मी सगळं प्यालो, परत मागितलं, तेही प्यालो. आनंदाने मान वळवली नाही. पण भांडं खाली ठेवल्याचा आवाज त्याला गेला असणार.

शिवा स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "आबा, पुढच्या वेळी फोन करून या." पुढच्या वेळी म्हणाला, ते मी नीट ऐकलं.

आता घरी. शांताने विचारलं, मी सगळं सांगितलं, तिने पानात जास्तीचा भात वाढला. खोका समोर आहे. उद्या सातवा दिवस. रामजी परत घेईल, काही विचारणार नाही. मी पॅड परत देणार नाही.